तरंगफलन वस्तूत आहे, आपल्या माहितीत नाही

२०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आणि त्या निमित्ताने नाशिकमध्येही व्याख्याने, महाविद्यालयांतले परिसंवाद आणि त्यानंतर सभागृहाबाहेर रंगणाऱ्या चर्चा यांना बहर आला. या चर्चांत एक प्रश्न हमखास निघतो आणि तितक्याच हमखासपणे तो वाईट रीतीने हाताळला जातो. इलेक्ट्रॉनचे, अणूचे किंवा प्रकाशकणाचे वर्णन ज्या तरंगफलनाने, म्हणजे वेव्ह फंक्शनने, केले जाते, ते खरोखर निसर्गात काही असते की ती निव्वळ गणिताची सोय आहे? व्यासपीठावरून बहुधा असे उत्तर येते की हा प्रश्नच निरर्थक आहे. समीकरण सोडवावे, आकडा प्रयोगाशी जुळतो आहे ना ते पाहावे आणि पुढे जावे. श्रोत्यांमधून येणारे उत्तर वेगळे असते: पाहणाऱ्याशिवाय जगाला अस्तित्वच नाही हे आता विज्ञानालाही पटले आहे आणि आपल्याकडच्या मायावादाने हेच केव्हाच सांगितले होते. वरवर पाहता हे दोन्ही पक्ष एकमेकांच्या कट्टर विरोधात उभे आहेत. पण तरंगफलन वस्तूत नसते, ते माणसाच्या बाजूला असते, एकाच्या मते त्याच्या वहीत आणि दुसऱ्याच्या मते त्याच्या जाणिवेत, याबद्दल मात्र त्यांचे एकमत आहे, आणि माझ्या मते नेमके तेच एकमत चुकीचे आहे.

माझी भूमिका सुरुवातीलाच स्पष्ट करतो. तरंगफलन म्हणजे पाण्यावरच्या लाटेसारखी, आपल्या नेहमीच्या अवकाशात पसरलेली एखादी लाट आहे, असे मी म्हणत नाही. क्वांटम सिद्धांताचा अंतिम अर्थ आपल्याला कळला आहे, असेही माझे म्हणणे नाही. माझा दावा यापेक्षा लहान, पण ठाम आहे: एखादी वस्तू एका विशिष्ट रीतीने तयार केली की तिचे तरंगफलन काय आहे हे त्या वस्तूच्या स्वतःच्या स्थितीवरून ठरते. दोन तरंगफलने खरोखर वेगळी असतील, तर त्या मागच्या वस्तूही वेगळ्या स्थितीत असतात, मग ते कोणाला ठाऊक असो वा नसो.

गोंधळाचे मूळ १९२६ मध्ये आहे. त्या वर्षी श्रोडिंगरने लागोपाठ प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून आपले समीकरण मांडले, आणि आपण द्रव्याच्या खऱ्याखुऱ्या लहरींचे वर्णन करीत आहोत अशी त्याची धारणा होती. त्याच वर्षी माक्स बॉर्नने दाखवले की या फलनाच्या परिमाणाचा वर्ग घेतला की कण कुठे सापडेल याची संभाव्यता मिळते. बॉर्नचा नियम आजवर एकाही प्रयोगात खोटा ठरलेला नाही, आणि त्यासाठी त्याला १९५४ मध्ये नोबेल मिळाले. पण या नियमावरून पुष्कळांनी घाईने एक निष्कर्ष काढला: फलनातून संभाव्यता मिळते, संभाव्यता ही आपल्या माहितीची बाब असते, म्हणून फलनही माहितीचीच बाब आहे. यातली गफलत अकरावीच्या रसायनशास्त्रातही दिसते. तिथे कक्षकाची ओळख करून देताना सांगतात की इलेक्ट्रॉन सापडण्याची संभाव्यता जिथे जास्त असते तो हा भाग. पुढे रासायनिक बंध शिकवताना त्याच कक्षकाच्या एका पाकळीवर अधिक आणि दुसरीवर उणे चिन्ह काढले जाते, आणि अधिक अधिकाला भेटले तर बंध जुळतो, अधिक उण्याला भेटले तर बंध तोडणारा कक्षक तयार होतो, असे समजावले जाते. विद्यार्थी ते निमूटपणे उतरवून घेतात. संभाव्यता कधी उणे असते का? नसते. म्हणजे बंध जुळवण्याचे किंवा तोडण्याचे काम संभाव्यता करीत नाही. ती जिच्या वर्गातून निघते ती मूळ गोष्ट, चिन्हासकट, ते काम करते. ऑक्सिजनचा रेणू चुंबकाकडे ओढला जातो याचे स्पष्टीकरण याच चिन्हांच्या हिशेबातून निघते, आणि द्रव ऑक्सिजन चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये अडकून राहतो तो कोणाच्या माहितीची पर्वा न करता.

केवळ सोय मानणाऱ्यांचा युक्तिवाद नवा नाही. १५४३ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ छापला गेला, तेव्हा त्याला ओसिअँडरने एक निनावी प्रस्तावना जोडली. या ग्रंथातली गृहीतके खरी असण्याची गरज नाही, ती संभवनीय असण्याचीही गरज नाही, गणित निरीक्षणांशी जुळले म्हणजे पुरे, असे तीत म्हटले होते. पृथ्वी खरोखर फिरते का, हा प्रश्न त्या प्रस्तावनेने निरर्थक ठरवला होता, आणि केप्लर व गॅलिलिओ यांनी तो निरर्थक मानला नाही म्हणून खगोलशास्त्र पुढे गेले. आपल्याकडेही याचा एक नमुना आहे. गणेश दैवज्ञाचा १५२० चा ग्रहलाघव हा गणनेच्या सोयीचा कळस होता. ज्या आणि कोटिज्या (साइन आणि कोसाइन) यांच्या कोष्टकांशिवाय ग्रहांची स्थाने काढून देणारा तो ग्रंथ महाराष्ट्रातल्या पंचांगांचा पिढ्यान्‌पिढ्या आधार राहिला. पण एकोणिसाव्या शतकापर्यंत त्याची उत्तरे आकाशापासून सरकली होती, आणि केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या गणितज्ञांनी पंचांग दृक्प्रत्ययी असावे असा आग्रह धरला, तेव्हा परंपरेने चालत आलेले गणित धर्मकार्याला पुरेसे आहे, ते आकाशाशी जुळवण्याची गरज नाही, असे म्हणणारेही पुष्कळ निघाले. सरकलेले गणित गणिताच्या आत राहून दुरुस्त करता आले असते का? आकाशात प्रत्यक्ष काय आहे हे विचारावेच लागले.

या वादातून आणखी एक धडा मिळतो, आणि तो माझ्या विषयाला अधिक जवळचा आहे. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी नाशिकमध्ये चालू आहे. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, हे इथे लहान मुलालाही माहीत असते. आता सिंह राशीची सुरुवात नेमकी कुठून मोजायची, अयनांश किती धरायचे, यावर पंचांगकर्त्यांमध्ये जुने मतभेद आहेत, आणि ते असू शकतात, कारण ती सीमा माणसाने आखलेली आहे. गुरू कुठे आहे यावर मात्र मतभेद असू शकत नाही. तरंगफलनातही असाच एक भाग आपल्या सोयीचा असतो. संपूर्ण फलनाची कला (फेज), म्हणजे लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, सरसकट बदलली तर निसर्गात काहीही बदलत नाही, आणि ते कोणत्या अक्षांवर लिहायचे हेही आपण ठरवतो. विरोधक हे दाखवून विचारतात की ज्यात इतका मनमानी अंश आहे ते खरे कसे? उत्तर असे की फलनाच्या दोन भागांमधला कलेचा फरक मनमानी नसतो. राशीची रेघ हलवल्याने गुरू हलत नाही.

आता विरोधकांच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे येतो. तो मुद्दा मी अनेकदा अर्धवट मांडला गेलेला ऐकला आहे. त्याची पूर्ण ताकद दाखवणे आवश्यक आहे. निफाड किंवा दिंडोरीतल्या द्राक्षबागायतदाराला हवामानाचा अंदाज मिळतो की उद्या अवकाळी पावसाची शक्यता सत्तर टक्के आहे. माल काढणीला आलेला, पाऊस पडला तर मणी तडकणार, म्हणून तो रात्रभर जागा राहतो. पहाटे बाहेर येऊन बघतो तर आभाळ निरभ्र. त्या क्षणी सत्तराचे शून्य झाले. आभाळात मात्र त्या क्षणी काहीच उडी मारून बदलले नाही. बदलली ती त्याची माहिती. मापन केल्याबरोबर इलेक्ट्रॉनचे दूरवर पसरलेले तरंगफलन एका बिंदूशी गोळा होते, ते अगदी असेच दिसते. तरंगफलन ही वस्तू मानली तर ही गोष्ट भयंकर अडचणीची ठरते, कारण काहीतरी खरेखुरे क्षणार्धात सगळीकडून नाहीसे व्हावे लागते. तरंगफलन ही माहिती मानली तर अडचण उरतच नाही. आइन्स्टाइनची शंकाही याच जातीची होती: १९२७ च्या सोल्व्हे परिषदेतच त्याने हे क्षणार्धात गोळा होणे खटकते असे सांगितले होते, आणि तरंगफलन हे वस्तुस्थितीचे अपुरे वर्णन आहे हे त्याचे मत शेवटपर्यंत कायम राहिले. आइन्स्टाइनला जे पटले नाही ते हसण्यावारी नेणे शहाणपणाचे नाही.

तरीही हा दाखला एका जागी तुटतो. पाऊस पडण्याचे सत्तर टक्के आणि न पडण्याचे तीस टक्के एकमेकांना छेदत नाहीत. पाऊस पश्चिमेकडून येण्याची एक शक्यता आणि पूर्वेकडून येण्याची दुसरी, या दोन्ही एकत्र आल्या म्हणून पाऊस पडणे अशक्य झाले, असे कोणत्याही अंदाजात होत नाही. क्वांटम जगात हे रोज होते. १९७५ मध्ये कोलेला, ओव्हरहाउजर आणि वर्नर यांनी मिशिगन विद्यापीठाच्या अणुभट्टीवर केलेला प्रयोग मला या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. सिलिकॉनचा एक अखंड स्फटिक घेऊन त्याला अशा खाचा पाडल्या की एकाच तुकड्यावर तीन उभे पडदे राहिले. पहिल्या पडद्याशी न्यूट्रॉनचा मार्ग दोन शाखांत फुटतो, मधल्या पडद्याशी दोन्ही शाखा एकमेकींकडे वळतात आणि तिसऱ्याशी पुन्हा एक होतात. न्यूट्रॉन इतक्या विरळ येतात की एक उपकरणातून बाहेर पडेपर्यंत पुढचा बहुधा अजून इंधनातल्या युरेनियमच्या केंद्रकातच असतो. मग सारे उपकरण येणाऱ्या शलाकेभोवती हळूहळू कलते करत नेले, जेणेकरून एक शाखा दुसरीपेक्षा काही सेंटीमीटर वर जावी. त्याबरोबर बाहेरच्या दोन शोधकांवर येणाऱ्या न्यूट्रॉनांची संख्या आलटून पालटून वाढू आणि घटू लागली, आणि पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळे दोन शाखांच्या कलेत जो फरक पडायला हवा त्याच्याशी हे चढउतार जुळले. तरंगफलन ही माहिती असेल, तर मला एवढेच विचारायचे आहे: पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण कोणाच्या माहितीला खेचत होते?

हाच कलेचा फरक आणखी दोन पूर्णपणे वेगळ्या कारणांनीही फिरवता येतो. त्याच वर्षी असे दिसून आले की चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने न्यूट्रॉनचे स्पिन, म्हणजे त्याची अंगभूत फिरकी, ३६० अंश फिरवले तर त्याच्या तरंगफलनाचे चिन्ह उलटते आणि मूळ स्थिती परत यायला ७२० अंश फिरवावे लागते. आहारोनोव्ह आणि बोम यांनी १९५९ मध्ये भाकीत केले होते की चुंबकीय क्षेत्र जिथे शून्य आहे अशा भागातून गेलेल्या इलेक्ट्रॉनची कलाही, बंदिस्त केलेल्या चुंबकीय प्रवाहाला वळसा घातल्यामुळे, बदलेल; टोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अतिवाहकाचे वेष्टण चढवलेल्या सूक्ष्म वलयाकार चुंबकावर ते निर्विवाद दाखवून दिले. गुरुत्व, परिवलन आणि बंदिस्त चुंबकत्व यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि तरी तिन्ही एकाच गोष्टीला हात घालतात.

हे महत्त्वाचे का, ते अणूंच्या इतिहासावरून कळेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एर्न्स्ट माखसारखा समर्थ विचारवंत अणूंना विचारांची सोय मानत होता, ऑस्टवाल्डही त्याच बाजूला होता, आणि बोल्ट्झमनला आयुष्यभर या पक्षाशी झुंजावे लागले. अणू काही कोणी डोळ्यांनी दाखवले म्हणून ते वाद मिटले नाहीत. जाँ पेरँने ब्राउनच्या कणांच्या हालचालीपासून किरणोत्सर्गापर्यंत डझनभराहून अधिक स्वतंत्र मार्गांनी अव्होगाद्रोची संख्या काढली आणि ती सगळीकडे एकच आली. ऑस्टवाल्डने १९०९ च्या सुमारास जाहीरपणे आपले मत बदलले. आता विरोधक म्हणतील, आणि ते योग्यच आहे, की इतिहासात उलट उदाहरणेही आहेत. लाव्हाझिएने १७८९ मध्ये उष्णताद्रव्याला मूलद्रव्यांच्या यादीत बसवले होते, कार्नोने १८२४ मध्ये त्याच कल्पनेवर उष्णतायंत्राचा अचूक सिद्धांत उभारला, आणि तरी उष्णताद्रव्य असे काही नव्हते. प्रकाशाच्या लहरी वाहून नेणारे माध्यम म्हणून मानलेल्या ईथरचेही तेच. उपयोगी पडते म्हणून खरे, हा युक्तिवाद लंगडा आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ईथरचा इतिहास पाहिला तर फरक लक्षात येतो: १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ले यांच्या प्रयोगात तो सापडला नाही, त्यानंतर प्रत्येक नव्या प्रयोगागणिक ईथरचे गुणधर्म असे जुळवून घ्यावे लागले की तो कधीच सापडू नये. स्वतंत्र वाटांनी जाऊन एकच उत्तर मिळाले, असे त्याच्या बाबतीत एकदाही घडले नाही. कलेच्या फरकाच्या बाबतीत ते वारंवार घडले आहे, आणि म्हणून तो माखने नाकारलेल्या अणूंच्या रांगेत बसतो, ईथरच्या नाही.

इथे एक प्रामाणिक कबुली देणे भाग आहे. केवळ व्यतिकरण, म्हणजे शक्यतांनी एकमेकींना छेदणे, एवढ्यावरून माझा दावा सिद्ध होत नाही. रॉबर्ट स्पेकेन्सने २००७ मध्ये एक खेळण्यासारखी छोटी प्रतिकृती मांडली, जिच्यात अवस्था ही उघड उघड अपुरी माहिती असते आणि तरीही व्यतिकरणाच्या काही छटा, अज्ञात अवस्थेची नक्कल करता न येणे, दूरसंक्रमण (टेलिपोर्टेशन) अशा कितीतरी क्वांटम गोष्टी तिच्यातून बाहेर पडतात. माहितीवाद्यांच्या बाजूने झालेले हे सर्वांत चांगले काम आहे, आणि नाशिकमधल्या कुठल्याही चर्चेत त्याचा उल्लेखही होऊ नये याची मला खंत वाटते. त्या प्रतिकृतीत क्वांटम सिद्धांत पूर्ण बसत नाही, जॉन बेलच्या विचारातून निघालेल्या, एकमेकांपासून दूर नेलेल्या कणजोड्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष तिच्यातून निघत नाहीत. पण तिने एवढे नक्की दाखवले की माहितीवाद हा खुळचट नाही.

म्हणूनच मला निर्णायक वाटतो तो मॅथ्यू प्युसी, जोनाथन बॅरेट आणि टेरी रुडॉल्फ या तिघांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला सिद्धांत. (रुडॉल्फ हा श्रोडिंगरचा नातू, हा निव्वळ योगायोग, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.) त्यांचा विचार समजायला गणित फारसे लागत नाही. समजा, तरंगफलन ही माहितीच आहे. मग अ आणि ब या दोन वेगळ्या तरंगफलनांनी तयार केलेल्या वस्तू कधीकधी अगदी एकाच खऱ्या स्थितीत असू शकतील, जसे दोन वेगळ्या अंदाजांच्या दिवशी एकच हवा असू शकते. आता नाशिकला एक कण अ किंवा ब यांपैकी एका रीतीने तयार करा, आणि पुण्यात दुसऱ्या कोणी, नाशिकशी काही संबंध न ठेवता, दुसरा कण असाच तयार करावा. एकूण चार जोड्या शक्य आहेत: अअ, अब, बअ, बब. अ आणि ब योग्य निवडले तर दोन्ही कण एकत्र आणून असे एक मापन करता येते की त्याची चार उत्तरे संभवतात आणि प्रत्येक उत्तर एकेका जोडीला निषिद्ध असते. अअ असेल तर पहिले उत्तर कधीही येणार नाही, अब असेल तर दुसरे, आणि याप्रमाणे पुढे. पण माहितीवाद खरा असेल, तर काही वेळा नाशिकचा कणही आणि पुण्याचा कणही त्या सामाईक स्थितीत असेल. त्या वेळी उपकरणासमोर जे आहे त्यावरून चारपैकी कोणती जोडी पाठवली होती हे सृष्टीलाही ठरवता येणार नाही, उत्तर तर चारांपैकी एक द्यावेच लागेल, आणि जे देईल ते कोणत्या ना कोणत्या जोडीला निषिद्धच असेल. म्हणजे कधी ना कधी निषिद्ध उत्तर यायलाच हवे. क्वांटम सिद्धांत सांगतो, कधीच येणार नाही. दोन्ही खरे असू शकत नाहीत; म्हणून सामाईक स्थिती नसतेच, आणि तरंगफलन वस्तूच्या स्थितीवरून ठरते.

या सिद्धांताला पळवाटा आहेत, आणि त्या लपवून ठेवण्याचे कारण नाही. पहिली अशी की नाशिकचा आणि पुण्याचा कण खरोखर एकमेकांपासून स्वतंत्रपणे तयार होतात, हे इथे गृहीत धरले आहे. हे गृहीतक सोडले तर सामाईक स्थितीला जागा उरते, हे त्याच वर्षी बॅरेट आणि रुडॉल्फ यांनीच इतर सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिले. आपल्या सिद्धांताची मर्यादा स्वतःच शोधणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. पण हे गृहीतक सोडायचे म्हणजे काय करायचे? दोन गावांतल्या दोन प्रयोगशाळांत कोणताही संपर्क नसताना केलेल्या तयाऱ्यांमध्ये मुळातच एक छुपे संगनमत आहे असे मानायचे. ते मानले तर औषधांच्या चाचण्यांपासून बियाण्यांच्या चाचण्यांपर्यंत एकही प्रयोग शाबूत राहत नाही, कारण सगळे प्रयोग स्वतंत्र तयारीवरच उभे असतात. दुसरी पळवाट अधिक खोल आहे. क्यूबिझम नावाचा जो विचार ख्रिस्तोफर फुक्स आणि त्यांचे सहकारी मांडतात, त्यानुसार तरंगफलन हे कर्त्याने आपल्या पुढच्या अनुभवांवर लावलेल्या पैजांचे मोजमाप आहे, त्यामागे दडलेली कुठली खरी स्थिती शोधायचीच नाही, म्हणून हा सिद्धांत त्यांना लागूच पडत नाही. तर्कात ही भूमिका अभेद्य आहे, हे मान्य. पण पैज लावण्याचा हा नियम टोकियोत, व्हिएन्नात आणि नाशिकमध्ये सारखाच यशस्वी का होतो, याचे कारण पैजेत नसते, ज्यावर पैज लावली त्या जगात असते. ते कारण सांगण्याची जबाबदारी टाळण्याची किंमत मला फार मोठी वाटते.

राहतो मितींचा आक्षेप, आणि हा खुद्द १९२६ मध्येच लोरेंट्झने श्रोडिंगरला पत्राने कळवला होता. एका कणाचे फलन तीन मितींत लिहिता येते, पण दोन कणांचे सहा, शंभर कणांचे तीनशे मितींत लिहावे लागते. अशा अवकाशात असणारी गोष्ट खरी कशी असेल? मला वाटते, इथे आपण निसर्गाला आपल्या सवयी सांगत आहोत. हेलियमच्या अणूत दोनच इलेक्ट्रॉन असतात, तरी जुन्या बोर सिद्धांताला त्याने दाद दिली नव्हती. प्रत्येक इलेक्ट्रॉनला त्याची त्याची वेगळी तीन मितींतली लहर द्यायची असे ठरवून, त्यात जास्तीत जास्त चांगले उत्तर काढले, तर दोन्ही इलेक्ट्रॉन काढून टाकायला सुमारे ७७.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागेल असे निघते. प्रत्यक्षात ती सुमारे ७९.० लागते. ही तूट प्रयोगाच्या चुकीत बसण्यासारखी नाही. १९२९ मध्ये एगिल हिलेरासने दोन्ही इलेक्ट्रॉनांचे मिळून एकच फलन घेतले, ज्यात त्यांच्यामधले अंतर थेट येते, आणि तूट जवळजवळ भरून निघाली. सहा मितींतले ते फलन दोन वेगवेगळ्या तीन मितींच्या तुकड्यांत तोडता येत नाही, आणि हेलियमची ऊर्जा त्या न तुटण्यातच आहे. बेलने १९६४ मध्ये जी विषमता, म्हणजे गणिती असमानता, मांडली, क्लाउझर आणि फ्रीडमन यांनी १९७२ मध्ये, आस्पेने १९८२ मध्ये आणि २०१५ मध्ये जगातल्या तीन गटांनी पळवाटा बुजवून जे तपासले, त्याचाही गाभा हाच आहे की गुंतलेल्या दोन कणांना जोडीचा असा एक गुणधर्म असतो, जो या किंवा त्या ठिकाणी ठेवलेला नसतो.

आणखी एक शंका विद्यार्थी नेहमी विचारतात: तरंगफलन खरे असेल, तर एकाच इलेक्ट्रॉनचे अज्ञात तरंगफलन मोजून का दाखवता येत नाही? प्रश्न रास्त आहे. ते मोजायला सारख्या तयार केलेल्या पुष्कळ प्रती लागतात, एका प्रतीवरून ते वाचता येत नाही. पण वाचता येणे आणि असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ज्यांचे बनलेले असतात ते क्वार्क १९६४ मध्ये मांडले गेले तेव्हा गेल-मान त्यांच्याकडे गणिती रचना म्हणूनच पाहत होता, आणि एकटा क्वार्क आजपर्यंत कोणी वेगळा काढलेला नाही. तरीही त्यांना आज कोणी सोय म्हणत नाही.

मायावादाच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की मापनासाठी जाणीव लागत नाही. छायाचित्राची काच, गायगर गणक, फार काय, हवेचा एक रेणूसुद्धा इलेक्ट्रॉनवर आदळून त्याच्या दोन शाखांमधला कलेचा नाजूक संबंध आजूबाजूला विखरून टाकायला पुरतो. ज्या श्रोडिंगरचा वेदान्ताचा व्यासंग अभिमानाने सांगितला जातो, त्यानेच आपल्या लहरींना खरे मानले होते, आणि १९३५ मध्ये मांजराचे उदाहरण दिले ते निरीक्षकाचे माहात्म्य वाढवण्यासाठी नव्हे, तर सिद्धांताचे प्रचलित वाचन त्याला कसे अमान्य आहे हे दाखवण्यासाठी. शंकराचार्यांचा मायाविचार इतका थोर आहे की त्याला इलेक्ट्रॉनचा टेकू देण्याची गरज नाही.

हा प्रश्न निष्फळ आहे असे म्हणणाऱ्यांनी बेलचे उदाहरण समोर ठेवावे. त्याच्या काळात हा विषय काढणे म्हणजे कारकीर्द धोक्यात घालणे मानले जाई, आणि सेर्नमधले नेमून दिलेले काम सांभाळून तो या प्रश्नावर विचार करीत राहिला. २०२२ चे नोबेल आस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना मिळाले ते त्याच विचाराच्या पाठीवर, आणि १९९१ मध्ये आर्थर एकर्टने सुचवलेली गुप्तसंदेशांची पद्धत त्याच विषमतेवर उभी आहे. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या, सुमारे सहा हजार कोटी रुपयांच्या आपल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये क्वांटम संदेशवहन हा एक मुख्य विभाग आहे. तो निधी ज्या ज्ञानावर खर्च होणार आहे, ते निरर्थक ठरवलेल्या प्रश्नातून आले.

मापनाच्या वेळी फलन गोळा होण्याची अडचण अजून सुटलेली नाही, हे खरे आहे. पण ती वास्तववादाच्या विरोधातला पुरावा नाही, वास्तववाद्यांमधला वाद आहे. बोमच्या १९५२ च्या मांडणीत आणि एव्हरेटच्या १९५७ च्या मांडणीत फलन गोळा होतच नाही. घिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांच्या १९८६ च्या मांडणीत ते खरोखर, आपोआप, गोळा होते आणि वस्तू जितकी मोठी तितके लवकर होते. फलन असे आपोआप गोळा होते की नाही, एवढे तरी प्रयोगाने ठरण्याजोगे आहे. व्हिएन्नामध्ये १९९९ मध्ये साठ कार्बन अणूंच्या रेणूने व्यतिकरण दाखवले. २०१९ पर्यंत दोन हजारांपर्यंत अणू असलेल्या, पंचवीस हजार अणुभारएककांहून जड रेणूंपर्यंत मजल गेली. एखाद्या वजनापुढे व्यतिकरण कोणत्याही बाह्य अडथळ्याशिवाय मावळले, तर श्रोडिंगरचे समीकरण बदलावे लागेल, पण लहर खरीच राहील. माझ्या भूमिकेला धक्का लागेल तो वेगळ्या ठिकाणी. प्युसी, बॅरेट आणि रुडॉल्फ यांच्या मापनात, उपकरणाचा दोष काढत काढत शून्याकडे नेला, तयाऱ्या स्वतंत्र असल्याची खात्री केली, आणि तरीही ते निषिद्ध उत्तर ठरावीक प्रमाणात येतच राहिले, तर तरंगफलन वस्तूत असते हे म्हणणे मला सोडावे लागेल.